निजामकालीन शाळेची डागडुजी : पैसे जमलेत, आता आधी काय करायचं?

ढेलज

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, जरा सविस्तर लिहितो.

आमच्या तालुक्याच्या गावातली जिल्हा परिषदेची जुनी शाळा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, व्हॉट्सॲपवर आधीच पुष्कळ धुरळा उडालाय. इमारत अशी: समोरची भिंत घडीव काळ्या दगडाची, तीन कमानींचा व्हरांडा, मधे चौक, चौकाच्या तिन्ही अंगांना खोल्या. मागच्या चार खोल्यांवर अजून माळवद (लाकडावर माती दडपून केलेलं सपाट छत) आहे, खाली सागवानी खांब आणि तुळया. पुढच्या खोल्यांवर नंतर कधीतरी पत्रे टाकलेत. दारावर उर्दूत कोरलेली पाटी, तिच्यावर १३४७ असा आकडा. ९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मागच्या कोपऱ्याला भेग पडली, ती कुणीतरी सिमेंटनं बुजवली, आता तिच्याच शेजारून परत दिसते. मागच्या भिंतीला कमरेएवढी ओल. माळवदाच्या खोल्या बंद आहेत, पुढे चौथीपर्यंतचे वर्ग भरतात.

माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, चांगली जमली. आमच्यातलाच एक जण कंत्राटं घेतो. त्यानं अंदाज दिलाय: माळवद उतरवून स्लॅब, आतबाहेर सिमेंटचा गिलावा, समोरच्या दगडाला पॉलिश, चौकात पेव्हर ब्लॉक. उन्हाळ्याच्या सुट्टीत हातावेगळं करतो म्हणतो. 'जुनं साहित्य माझं' ही एक ओळ अंदाजपत्रकाच्या तळाशी आहे. दुसरीकडे जि. प. मागच्या खोल्यांचा निर्लेखन (मोडीत काढण्याचा) प्रस्ताव तयार करतेय अशी कुणकुण आहे. मला दोन्ही पटत नाही, पण 'मग तू सांग काय करायचं' म्हटलं की माझ्याकडे उत्तर नसतं. आधी कुणाला विचारायचं? कुठल्या क्रमानं?

तिखटमीठ

पाडा आणि नवी बांधा. पोरांना आकाशातून सूर्यप्रकाश आणि भिंतीतून विंचू मिळतात त्या शाळेत. वारसा वगैरे पुण्यात बसून छान वाटतो.

सुरखी

छत्रपती संभाजीनगरात संवर्धनाची कामं करते, म्हणून थोडं लांब लिहिते.

आधी ती शेवटची ओळ. 'जुनं साहित्य माझं.' मराठवाड्यातले निम्मे वाडे त्या एका ओळीनं गेलेत. तुमच्या चार खोल्यांतले सागवानी खांब, तुळया, कडीपाट, दारांच्या चौकटी यांची आजच्या बाजारात किंमत काढा आणि मग अंदाजपत्रकाचा एकूण आकडा बघा. तुमचा मित्र वाईट आहे असं म्हणत नाही. पण माळवद उतरवायचं की नाही हे ज्याला उतरवल्यावर लाकूड मिळणार आहे त्यानं ठरवू नये, एवढं साधं आहे. सल्ला देणारा आणि काम करणारा वेगळा ठेवा.

आता क्रम. तुमच्या प्रश्नात 'काय करायचं' हे 'काय झालंय' याच्या आधी आलंय. मागच्या भिंतीला ओल का आहे? शाळेसमोरचा रस्ता सिमेंटचा झालाय का? झाला असेल तर जोत्याच्या (इमारतीच्या चौथऱ्याच्या) मानानं तो कुठे आलाय ते बघा. आपल्याकडे प्रत्येक नव्या कामात जुन्या रस्त्यावरच थर चढतो. पूर्वी तीन पायऱ्या चढून शाळेत जायचो आणि आता एक उतरून जातो, अशी गावं मी भरपूर पाहिलीत. मग पावसाचं सगळं पाणी जोत्याला लागतं आणि दगड-मातीची भिंत ते वर ओढते. त्यावर तुम्ही सिमेंटचा गिलावा केलात तर पाणी आतच कोंडतं. पूर्वी ते भिंतीच्या अंगातून वाळायचं, आता वाट मिळेल तिथून निघतं, म्हणजे अजून वर चढतं. लोणा (ओलीतून वर येणारा क्षार) लागतो, दोन पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे येतात, आणि आतली माती मात्र कायम ओली. दोष भिंतीचा नव्हताच, रस्त्याचा होता.

म्हणून पहिला खर्च मोजणीवर करा. आराखडा, चारही बाजूंच्या दर्शनी भिंती, छेद, जोत्याची आणि रस्त्याची पातळी. त्या नकाशांवर प्रत्येक भेग, ओलीची रेघ, वाळवी, सडलेली तुळई, गळकी जागा खुणावून घ्या. फोटो तारखेसह. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरनं चिकटवा आणि भिंतीवरच तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे, नाही तर ती ९३ चीच आहे आणि निवांत बसली आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. आणि ही पट्टी महिनाभर लावून चालत नाही. तुमचा पाया काळ्या मातीत असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंत तिच्यासोबत हलते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी बघायलाच हवा.

सुट्टीत संपवायचं काम नाही हे.

नहर

सुरखीताईंना +१. मी इतिहासाच्या बाजूनं भर घालतो.

पाटीवरचा १३४७ हा फसली (महसुली कालगणनेतला) सन असणार. हैदराबाद संस्थानात सरकारी कामकाज फसलीत चालायचं. ५९० मिळवा, म्हणजे १९३७-३८ साल येतं. पाटीचा नीट समोरून, सकाळच्या तिरक्या उन्हात फोटो काढा आणि उर्दू वाचणाऱ्या माणसाकडून पूर्ण वाचून घ्या. मदरसा तहतानिया की वस्तानिया, म्हणजे प्राथमिक की मिडल स्कूल, बांधणारं खातं कुठलं, कुणी जागा दिली, असं बरंच त्या दोन ओळींत निघू शकतं. जागा दान दिलेली असेल तर मालकीचा सगळा मामलाच बदलतो. संस्थानाची जुनी दप्तरं हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. पण तिथे जायच्या आधी शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर आणि कपाटातले कागद बघा. पुष्कळदा इमारत कधी वाढवली, पत्रे कधी आले हे लॉगबुकातच सापडतं.

आणि घाई नको म्हणणाऱ्यांना लोक 'तुम्हाला काम होऊच द्यायचं नाही' म्हणतात, म्हणून आपल्याच विभागातलं एक उदाहरण. अजिंठ्याची चित्रं वाचवायला निजाम सरकारनं १९२० मध्ये इटलीहून दोन तज्ज्ञ आणवले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. हेतू चांगला, माणसं नावाजलेली, पैशाला कमी नाही. सुटलेला गिलावा त्यांनी भिंतीला घट्ट बसवला, ते काम कामी आलं. पण चित्रांवर लाखेचं वार्निश दिलं. ते काळाबरोबर पिवळं-काळं पडलं, धूळ धरू लागलं, आणि ते काढायचं काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेला पुढे कित्येक वर्षं पुरलं. तुमच्या समोरच्या दगडाला 'पॉलिश' म्हणजे काय लावणार आहेत तेवढं विचारा. जे परत काढता येत नाही ते लावू नका.

शाखा_अभियंता_निवृत्त

तीस वर्षांहून जास्त जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात काढली. वरचं सगळं बरोबर, पण कागदाशिवाय हात लावलात तर अडकाल.

इमारत जि. प. ची आहे. वर्गणी तुमची असली तरी सरकारी मालमत्तेवर खासगी माणूस खर्च करू शकत नाही. आधी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची लेखी परवानगी. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामसभेचा किंवा नगरपंचायत असेल तर तिचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पत्र. मालकीसाठी नमुना नंबर ८ किंवा मिळकत पत्रिका काढा, आणि मराठवाड्यात आहात तर १९५४ च्या सुमाराचं खासरा पाहणी पत्रकही बघा. जागा गायरान, इनामी, देवस्थानची की वक्फची, हे तिथून कळतं. मी अशी शाळा पाहिलीय जिथे खोल्या जि. प. च्या आणि जागा भलत्याचीच निघाली.

निर्लेखनाचं. तो प्रस्ताव वर्गखोल्यांचा असतो. सगळी इमारत एकदम जातेच असं नाही. खोल्या निर्लेखित झाल्या की पाडायच्या आणि साहित्याचा लिलाव. त्यामुळे प्रस्ताव मंजूर व्हायच्या आधी तुमचं म्हणणं लेखी जायला पाहिजे: 'आम्ही स्वखर्चानं संरचनात्मक तपासणी करून घेत आहोत, अहवाल येईपर्यंत निर्णय थांबवावा.' तोंडी सांगून उपयोग नाही. आवक क्रमांक घ्या.

तपासणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतनाकडून करून घ्या, त्यांचा अहवाल खातं मानतं. पण एक कानमंत्र देतो. तपासणीला येणारी बहुतेक मंडळी काँक्रीटची. रिबाउंड हॅमर (काँक्रीटची ताकद अजमावायचं ठोकण्याचं यंत्र) घेऊन येतात आणि दगडावर ठोकून आकडे लिहून जातात. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीची ताकद त्या आकड्यात दिसत नाही. भिंत दोन पदरी आहे का, मधे भर काय आहे, दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड आहेत का, हे बघायला हवं. कामाचा मसुदा तुम्हीच लिहून द्या, नाहीतर 'इमारत धोकादायक' असं एका पानाचं पत्र येईल.

पुरातत्त्व खात्याबद्दल कुणीतरी विचारणारच. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात स्मारकाला किमान १०० वर्षांची अट आहे, त्यामुळे १९३७ ची शाळा तिथे बसत नाही. पण गावात केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर अंतर मोजा. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. त्यात दुरुस्तीलाही परवानगी लागते. नगरपालिकेची वारसा यादी असेल तर तीही बघा. बहुतेक तालुक्यांत नसतेच.

किल्लारीकर

मी तिखटमीठ यांच्यासारखं टिंगल करणार नाही, पण माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले. जी माणसं गेली ती भूकंपानं नाही, दगड-मातीच्या भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीनं गेली. दहा हजारांच्या आसपास. आमच्या घरातलं काय झालं ते लिहित नाही. इथे माळवदाचे फोटो टाकून 'उन्हाळ्यात किती गार' असं लिहिणारे आले की मी धागा बंद करतो.

चौथीपर्यंतची पोरं म्हणजे सहा ते दहा वर्षांची. त्यांच्या डोक्यावर हातभर माती ठेवून तुम्ही पावसाळाभर काचेच्या पट्ट्या बघत बसणार?

सुरखी

किल्लारीकर, तुमच्याशी वाद घालायचाच नाही. उलट तुमचा मुद्दा सर्वांत वर हवा होता, तो मी लिहायला हवा होता: त्या चार खोल्यांत तपासणी पूर्ण होईपर्यंत कुणीही बसू नये, सामानसुद्धा आणायला पोरांना पाठवू नये. त्या बंदच आहेत हे ठीक. पण मोडक्या भिंतीला लागून पोरं खेळत असतील तर तिथे आजच कुंपण घाला. हे नियोजनाच्याही आधी.

आता वजनाचा हिशोब, कारण त्यात कंत्राटदारांचं म्हणणं अगदीच चूक नाही. ओली-दडपलेली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते. हातभर थर धरला तर दर चौरस मीटरला पाऊण टनाच्या आसपास. पाच बाय सहा मीटरच्या खोलीवर वीस टनांच्या वर वजन. पाच इंची स्लॅब त्याच्या निम्म्याहून कमी भरतो. मग स्लॅब का नको? कारण मातीत बांधलेल्या भिंतीवर, आडवा पट्टा न बांधता, नुसता ठेवलेला कडक स्लॅब हलताना एकसंध हलतो आणि खालची भिंत सुटी-सुटी हलते. शिवाय आज तुमच्या माळवदाचं वजन खांबांवर आहे की भिंतींवर, हेच अजून माहीत नाही. ९३ ला काही घरांत भिंती बाहेर पडल्या आणि लाकडी सांगाडा माळवदासकट उभा राहिला, कारण भार खांबांवर होता. ज्या घरांत तुळया थेट भिंतीत रोवलेल्या होत्या तिथे भिंतीबरोबर सगळं खाली आलं. तुमच्या खोल्यांत यातलं कुठलं आहे? एक दिवस आत जाऊन, धिरे (टेकू) लावून, हे बघावं लागेल. बाकी सगळं त्यावर अवलंबून.

आणि मधला रस्ता असतो. मातीचा थर वीतभरावर आणणं, खाली पाणी न झिरपणारा पडदा, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरके आधार, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटच्या बांधणी-खुंट्या, माथ्याला आडवा पट्टा. भूकंपानंतर आपल्याच भागात घरं मजबूत करायचे कार्यक्रम झाले, तेव्हा हेच उपाय सांगितले गेले, आणि दुरुस्ती-मजबुतीकरणाची भारतीय मानकंही त्याच वर्षी, १९९३ ला आली. अजून एक: तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ च्या सुधारणेत तो झोनच रद्द झाला, लातूरचा परिसर झोन ३ मध्ये गेला. त्यामुळे 'जुन्या लोकांनी बांधलंय, काही होत नाही' हे मीसुद्धा ऐकून घेत नाही.

पांढरीवरचा

राम राम. मी शिकलेला इंजिनेर नाही, पण आमचं स्वतःचं माळवद आहे आणि दरसाल मीच चढतो वर.

हातभर माती मुळात नसतीच. बांधताना वीत-दीड वीत. मग दर मिरगाच्या आधी गळतंय म्हणून दोन-चार पाट्या नवी पांढरी माती टाकायची, जुनी कुणी उतरवत नाही. पन्नास वर्षांत थर केवढा होईल तुम्हीच सांगा. आमच्या वडलांच्या टायमाला गवंडी आधी खोरं घालून जुनी माती काढायचा, चाळायचा, मग परत अंथरायचा. आता मजुरी कोण देणार. म्हणून ढेलज भाऊ, आधी वरचा थर किती आहे ते पहारीनं भोक पाडून मोजा. काठाला नका मोजू, काठाला कमी असतो. मधे मोजा.

दुसरं. पन्हाळं बघा, छतावरचं पाणी बाहेर टाकणारी. आमच्याकडं शाळेचं एक पन्हाळं चिमण्यांनी बुजवलं होतं, पाणी तुंबून तुळईच्या टोकाला गेलं, टोक कुजलं. तुळई मधून धडधाकट दिसत होती. टोकाला दाभण खुपसून बघायचं, लोण्यासारखं आत गेलं तर समजायचं.

तिसरं म्हणजे पांढरी माती आणायची कुठून. पूर्वी गढीची आणायचे, म्हणून तर गढ्या संपल्या. एक वारसा वाचवायला दुसरा उकरू नका. जी उतरवाल तीच चाळून वापरा.

आमच्याकडं एक म्हातारं गवंडी आहे, चुन्याचं काम केलेलं. त्याला मी हा धागा वाचून दाखवला. म्हणलं काय करलालाव सांगा. तो म्हणला, "पाणी कुठनं येतंय ते आधी पावसात भिजून बगा, मग मला बलवा."

नहर

गवंडीबाबांना साष्टांग. ढेलज, त्यांना मोजणीच्या दिवशी घेऊन जा, आणि मजुरी द्या. सल्ला म्हणून द्या.

चौथीच्या_बाई

मी अशाच एका शाळेत शिकवते, दुसऱ्या जिल्ह्यात. सगळा धागा वाचला. आर्किटेक्ट, इंजिनिअर, गवंडी, माजी विद्यार्थी सगळ्यांना विचारून झालं. शाळेत रोज जे असतात त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही!

आमच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी दर्शनी भाग सुंदर करून दिला. कमानींना रंग, नावाची पितळी पाटी. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही ते नाहीच. खिडक्या जुन्या पद्धतीच्या, छोट्या आणि उंच. ढग आले की फळा दिसत नाही. दिवा लावावा तर वायरिंग लाकडी तुळईवरून उघडं गेलेलं. मी मुख्याध्यापकांना सांगून ते बंद करून घेतलं, आता पावसाळ्यात तोंडी शिकवते. चौकात पेव्हर ब्लॉक टाकले, ते एप्रिलमध्ये एवढे तापतात की अनवाणी पोरं उड्या मारत जातात. पूर्वी तिथे कडुलिंब होता.

ढेलज, तुमच्या सभेत माझ्यासारख्या एका बाईला, शाळेच्या मदतनीस ताईंना आणि चार पालकांना बोलवा. कुठल्या खोलीत किती वाजता ऊन येतं, पाणी कुठल्या कोपऱ्यातून सुरू होतं, साप कुठून निघतो, हे आम्हाला पाठ असतं. आणि काम चालू असताना पोरं कुठे बसणार हे आधी ठरवा. 'तेवढे दिवस देवळात बसवू' असं म्हणतात आणि ते दिवस वर्षावर जातात. मग पालक दाखले काढून इंग्रजी शाळेत घालतात. शाळा वाचवता वाचवता पट गेला तर इमारत कुणासाठी?

शाखा_अभियंता_निवृत्त

बाई, शंभर टक्के. पट कमी झाला की खातं शाळेवर खर्चच करत नाही, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय.

तिखटमीठ

ठीक आहे, आजचा दिवस गंभीर होतो. मोजणी, तपासणी, आराखडा, चुन्याची चाचणी. यातच निम्मी वर्गणी जाणार. मग काम कशातून? देणगीदारांना काय दाखवणार, नकाशे? परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेसारखं (जुन्या पायविहिरीसारखं) करा, गावानं उतरून श्रमदान केलं, गाळ काढला, बारव मोकळी झाली. ना सल्लागार ना फायली.

सुरखी

वालूरचं काम मलाही आवडतं. पण बारवेतला गाळ काढला तर खाली बांधकाम जसंच्या तसं असतं, तुम्ही फक्त वर आलेलं काढता. माळवद काढलं की परत येत नाही. श्रमदान जरूर करा: आवारातली झाडी, गटार मोकळं करणं, पन्हाळी, मागच्या भिंतीला टेकवलेला राडारोडा हलवणं. एवढ्यानंच ओल बरीच उतरेल. भिंतीतला पिंपळ मात्र उपटू नका. मूळ ओढलं की दगड सोबत येतो. बुडातून कापून मुळावर इलाज करतात.

पैशाचं. मोजणीसाठी वास्तुशास्त्र महाविद्यालयाला पत्र द्या. विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमात जुन्या इमारतीचं मोजमाप करावंच लागतं, प्रवास-जेवणाच्या खर्चात पोरं येतात आणि मन लावून करतात. चुन्याची चाचणीही महाग नसते. जुन्या दर्जातला (दगडांमधल्या सांध्यातला) घट्ट नमुना पातळ आम्लात टाकला की चुना विरघळून जातो, वाळू आणि विटेची भुकटी खाली उरते, ती चाळून वजन केलं की मूळ मिश्रणाचा अंदाज येतो. (वाळूतच चुनखडीचे खडे असतील तर हिशोब चुकतो, म्हणून हे जाणकाराकडूनच.) खरा खर्च येतो तो संरचना अभियंत्याचा, आणि तिथे काटकसर करू नका.

देणगीदारांना एक सांगा: पूर्ण रक्कम एकदम खर्च होणार नाही. पहिला टप्पा पाणी आणि आधार. रस्त्याकडचं पाणी अडवणारं गटार, पन्हाळी, धिरे, वायरिंग. त्यात दिखाऊ काही नाही, उद्घाटनाची फीतही नाही. दुसरा टप्पा अहवाल आल्यावर. दर्शनी दगड सगळ्यात शेवटी, आणि त्याला बहुतेक काहीच लागणार नाही. फार तर सिमेंटच्या दर्जा खरवडून चुन्याच्या भरणे. दगड बदलावा लागला तर तो नवा आहे हे जवळून कळलं पाहिजे, १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून हा नियम जगभर मानतात. खोटं जुनेपण नको.

चुन्याबद्दल एक. चुना विरवून मुरवायला आठवडे लागतात, गिलावा झाल्यावर तो ओला राखावा लागतो. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात, टँकरच्या पाण्यावर, चुन्याचं काम काढलं की ते वाळून भुगा होतं. त्यामुळे 'सुट्टीत उरकू' हे चुन्याला मान्य नाही. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्यानंतर सुरू करणं बरं.

किल्लारीकर

एक विचारतो, रागानं नाही. सगळं करून त्या चार खोल्यांत परत वर्ग भरवणार का?

सुरखी

अहवाल 'हो' म्हणाला तरी मी वर्ग भरवा असं लगेच म्हणणार नाही. वाचनालय, गावाच्या जुन्या वस्तूंची खोली, कार्यक्रमाची जागा, म्हणजे माणसं कमी आणि थोड्या वेळापुरती, असा वापर ठेवता येतो. शिक्षण हक्क कायद्याला हवी असलेली बारमाही इमारत मागच्या मोकळ्या जागेत नवी, भूकंपरोधक, साधी बांधा. जुनीला जुनी राहू द्या आणि पोरांचा भार तिच्यावर नको. पण हे ठरवायचं तुमच्या गावानं. आणि मी अजून ती इमारत पाहिलेली नाही, तेव्हा माझं मतही कच्चंच धरा.

किल्लारीकर

हे मान्य. एवढं लेखी ठरावात घाला.

पांढरीवरचा

आनि ठराव मराठीत घाला, समजंल असा.

ढेलज

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय, मधे बरीच धावपळ झाली.

झालं ते असं. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पत्र दिलं, आवक क्रमांक मिळाला. निर्लेखन प्रस्ताव खरंच टेबलावर होता. त्यांनी अहवालासाठी मुदत दिली, पण 'मार्चअखेर निधी परत जातो' हे दोनदा ऐकवलं. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव झाला: बंद खोल्यांत कुणीही जाणार नाही, नवे वर्ग मागच्या मोकळ्या जागेत, जुन्या खोल्यांचा वापर अहवालानंतर. किल्लारीकर, तुमचं वाक्य जवळजवळ तसंच घातलंय.

रस्त्याची पातळी मोजली. बाहेरचा सिमेंट रस्ता जोत्यापेक्षा फूटभर वर आहे. नगरपंचायतीकडे गेलो, त्यांनी शाळेनंच जोतं उंच करावं असं सुचवलं! सध्या आम्ही रस्त्याकडेनं उघडं गटार काढून पाणी ओढ्याकडे वळवायचं ठरवतोय, त्याच्या उताराचं कुणी सांगितलं तर बरं.

कंत्राटदार मित्राशी बोललो. 'जुनं साहित्य माझं' काढायला तयार झाला, मग दर वाढवला. सध्या काम थांबवलंय, त्यामुळे गटात दोन तट आहेत. तीन जणांनी वर्गणी परत मागितली, ती दिली.

पाटी वाचून घेतली. 'मदरसा तहतानिया' आणि १३४७ फसली. जागा देणाऱ्याचं नाव तिसऱ्या ओळीत आहे, पण ती ओळ ऑइलपेंटखाली आहे. रंग कसा काढावा? घासू का?

नहर

घासू नका! तार-ब्रश, ॲसिड, ग्राइंडर काहीही नको. आधी दगड कुठला ते बघा. कोरीव अक्षरांच्या कडा गेल्या की नाव कायमचं गेलं. तिरक्या उजेडात फोटो पाठवा, पुष्कळदा रंगाखालचीही अक्षरं दिसतात. नाहीतर कागद लावून पेन्सिलनं ठसा घ्या.

शाखा_अभियंता_निवृत्त

गटाराला शंभर फुटांना किमान एक फूट उतार धरा, गाळ बसणार नाही. ओढा तेवढा खाली आहे का ते आधी लेव्हल लावून बघा. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढता येते, यंत्र लागत नाही. आणि तिघांची वर्गणी परत दिल्याची पावती घेतली का?

ढेलज

पावती घेतली. नळी उद्या आणतो. पुढच्या रविवारी संभाजीनगरहून आठ विद्यार्थी मोजणीला येतायत, सुरखीताईंच्या ओळखीनं. शाळेच्या मदतनीस ताई किल्ली घेऊन सकाळी सातला येणार, पांढरीवरचे त्यांच्या गवंडीबाबांना आणणार. माळवदावर चढायला उंच शिडी लागेल, आमच्याकडची बारा फुटी पुरत नाही. लातूर-धाराशिव भागात कुणाकडे मोठी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गाडी पाठवतो.